बाही पुरेशी लांब होती

व्हिएतनाममधल्या होई आनच्या शिंपी आळीत न्युंगताईचं दुकान अगदी कोपऱ्यावर. माणूस दारातून आत येताना ती छातीचं माप सांगायची, आणि टेप लावली तर बोटभराचाही फरक निघायचा नाही. इंग्रजी मात्र तिने गिऱ्हाइकांच्या तोंडून वेचून जमवलेलं. इथल्या बोलीत 'खूप'ला आणि 'जास्त'ला 'क्वा' हा एकच शब्द. पोरगी देखणी असली तरी क्वा आणि विजार ढगळ झाली तरी क्वाच. ताईने त्याचा इंग्रजीत 'टू' करून टाकला होता. नव्या नवरीला ती खुशाल 'यू टू ब्यूटिफुल' म्हणायची. नवऱ्या हसायच्या, आणि वीस वर्षं कुणाचं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते हेझलबाईंच्या कोटापायी. ऑस्ट्रेलियाच्या या म्हाताऱ्या बाईंनी गेलेल्या नवऱ्याचा लोकरी कोट आपल्या अंगाला बेतून घ्यायला आणला होता. पाठीची शिवण आत घेऊन झाल्यावर त्यांनी तो घालून बघितला, हात पुढे केला, "द स्लीव्ह्ज आर लाँग इनफ," म्हणाल्या आणि गेल्या. ताईने दोनच शब्द पकडले. इनफ म्हणजे 'पुरे', एवढं तिला ठाऊक होतं. म्हणजे, लांब झाल्यात, आता पुरे! तिने दोन्ही बाह्या दोन-दोन बोटं कापल्या.

दुसऱ्या दिवशी कोट अंगात घातला तर बाईंची मनगटं उघडी. त्या रागावल्या नाहीत. बाहीच्या कडेवरून अंगठा फिरवत नुसत्या उभ्या राहिल्या. ताई तशीच धावत गेली आणि झाडाखाली बुद्धिबळ मांडून बसलेल्या खिएम गुरुजींना हाताला धरून घेऊन आली. गुरुजींनी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं. बाईंशी बोलून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं, बाई म्हणाली बाही हवी तेवढी लांब आहे. हात लावू नकोस!"

"मग 'लाँग' कशाला म्हणाली ती?"

"दुसरं कापड जोडून दे की, ताई," शेजारच्या दुकानातली सुआंग म्हणाली.

"गप बस! तिचा माणूस गेलाय. त्याच्या कोटाला परकं कापड लावू?"

ताईने कोटाची खालची दुमड उसवली. आतली पट्टी काढून तिचे कफ केले. उजेड न लागलेलं ते कापड गडद निघालं, लपता लपेना. ताई मान खाली घालून उभी. बाई कफांकडे बराच वेळ बघत होत्या. मग गुरुजींना काहीतरी म्हणाल्या आणि त्यांनी ताईचा हात हातात घेतला.

"लग्नात कोट याच रंगाचा होता म्हणते," गुरुजी म्हणाले. "ती विसरून गेली होती."

तेव्हा कुठे ताईला रडू फुटलं.

त्या आठवड्यापासून ती रोज दुपारी काओ लाउ नूडल्सचा वाडगा घेऊन गुरुजींकडे जायला लागली. गुरुजींनी टेपच पुढ्यात पसरली. "हे माप. माप ओलांडून काम अडलं की 'टू'. माप गाठून काम भागलं की 'इनफ'. आणि नुसतंच पुष्कळ, तर 'व्हेरी'. नवरी व्हेरी ब्यूटिफुल, कळलं? टू म्हटलंस तर लग्न मोडेल तिचं!"

"आणि इनफ पुढे की मागे?"

"लाँगच्या मागून. कापड असलं तर त्याच्या आधी. लाँग इनफ, इनफ क्लॉथ."

"सरळ एका जागी बसत का नाही मेला?"

"तुझ्यासारखाच आहे, इकडून तिकडे!"

वर्षभराने आळीतल्या पोरी ताईकडेच शिकायला बसायला लागल्या. एकदा पोट सुटलेला एक पाहुणा शर्ट घालून आरशासमोर उभा राहिला. "टाइट इनफ?" त्याने विचारलं. बटणं तटतटली होती. ताईने सुआंगला कोपराने ढोसलं.

"नो सर," सुआंग धीटपणे म्हणाली, "टू टाइट. व्हेरी टू टाइट!"

पाहुणा खो खो हसला आणि त्याने दोन शर्ट मोठ्या मापाचे सांगितले. तो गेल्यावर ताईने तिच्या पाठीत धपाटा घातला. "व्हेरी कुठून आणलास गं मधेच?"

"त्याचं पोट बघितलंस ना, ताई?"