फुलाबाईंच्या घरचा धान

चंद्रपूरच्या जटपुरा दरवाजातून सकाळी गाडी बाहेर काढली तेव्हा आमच्या हॉटेलातली बाकीची मंडळी मोहर्लीच्या वाटेला लागली होती. हिरव्या टोप्या, हातभर लांबीचे कॅमेरे आणि वाघ दिसतो की नाही याची धाकधूक. आम्ही मात्र मूलच्या रस्त्याने निघालो होतो. हॉटेलच्या व्यवस्थापकाला हे काही केल्या पटेना.

"इतक्या दूर पुण्यावरून आले अन् वाघ नाई पाहून राह्यले? मंग काय पाहाले चालले?"

"पाहायला नाही, ऐकायला," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे जरा काळजीने बघितलं आणि पावती हातात दिली.

ऐकायचं काम माझ्या बायकोचं. अनुराधा भाषाविज्ञान शिकवते. सध्या तिच्या विभागात बोलींच्या सर्वेक्षणाची धामधूम चालू आहे. गावोगाव जायचं, सगळीकडे तीच चित्रं दाखवायची, तेच प्रश्न विचारायचे, लोक काय बोलतात ते ध्वनिमुद्रित करायचं आणि मग नकाशावर रेघा ओढायच्या. इथपर्यंत 'मला', इथून पुढे 'मले'. या खेपेला तिने आणखी एक काम अंगावर घेतलं होतं. झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या भाताच्या प्रदेशातल्या) जुन्या धानांची नावं गोळा करायची. बियाणं गेलं की त्याचं नावही जातं, आणि ते गेल्याचं कुणाला कळतसुद्धा नाही, असं तिचं म्हणणं. मी कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तिचा चालक आहे, हमाल आहे आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी कोंबड्या हाकलणारा माणूस आहे. यातलं शेवटचं काम सर्वांत कठीण.

आदल्या दिवशी चंद्रपुरात एका महाविद्यालयात चर्चासत्र झालं होतं. झाडीला बोली म्हणायचं की भाषा, यावर दोन प्राध्यापक इतके हमरीतुमरीवर आले की चहा निवून गेला. एका तरुण संशोधकाने संगणकाला झाडी ऐकवली आणि संगणकाने ती भलतीच लिहून दाखवली, त्यावर सभागृह पोट धरून हसलं. पण आमच्या कामाची गोष्ट चहाच्या टेबलाजवळ झाली. तिथे भेटलेल्या एका प्राध्यापिकेने सांगितलं, की मूलच्या पुढे तिच्या माहेरच्या गावात फुलाबाई म्हणून आहेत. जुन्या धानांची नावं त्यांच्याइतकी आता कुणाला येत नाहीत. अनूने तिथल्या तिथे फोन करायला लावून सकाळची वेळ ठरवली.

मूलमध्ये एका खानावळीत न्याहारीला थांबलो. मी ऐटीत सांबार मागितलं. पोहे आले आणि त्यावर मूठभर कोथिंबीर. मी पुन्हा मागितलं, तर वाढणाऱ्याने आणखी एक मूठ टाकली आणि म्हणाला, "तुमाले सांबार लय आवडते वाटते, भाऊ." इकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. अनूला हे आधीपासून ठाऊक होतं, पण ती मुद्दाम गप्प बसली होती.

पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या (बांध घातलेली भातखाचरं). कापणी चालू होती. कुठे कापलेला धान आडवा पडलेला, कुठे बायकांची रांग वाकलेली. दिवाळी होऊन गेली होती, सकाळची हवा गारठ्याची होती. गावाच्या तोंडाशी बोडी (लहान तळं), तिच्यावर पसरलेली कमळाची पानं, आणि तिच्यापलीकडे फुलाबाईंचं कौलारू घर.

फुलाबाई दारातच उभ्या होत्या. उंच, सडसडीत, हिरव्या लुगड्यातल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा नागपूरला नोकरीत. आम्ही ओसरीवर टेकतो न टेकतो तोच त्यांनी विचारलं, "चाय कोरा करू का पांढरं टाकू?"

अनूने माझ्या गुडघ्यावर चापट मारली. दुधाला 'पांढरं'! मी पांढरं टाकून चहा मागितला. तिने कागदावर काहीतरी टिपून खाली रेघ ओढली.

मग काम सुरू झालं. आधी नाव सांगायचं होतं. "फुला," त्या म्हणाल्या. मधलं नाव विचारल्यावर हसल्या. "मधलं राहू द्या, बाई." अनूने राहू दिलं. फुलाबाईंनी धानाची नावं सांगायला सुरुवात केली तेव्हा मी कोंबड्या विसरलो. कोणता धान हलका, कोणता भारी, कोणाचा पोहा चांगला, कोणाचा भात पाहुण्यांसाठी. मधेच एखादं नाव आठवून त्या स्वतःशीच हसत. मग अनूचं लक्ष दाराच्या चौकटीकडे गेलं. तिथे धानाच्या लोंब्यांची झालर टांगलेली होती, बारीक, फिकट दाण्यांची.

"आणि हा कोणता?"

"थो होय घरचा."

"घरचा म्हणजे? नाव काय त्याचं?"

"घरचाच म्हनतो आमी. माह्या सासऱ्याच्या आधीपासून हाय. आता गावात कोनी लावत नाई. सारे पाकिटाचं बी आनतेत. मी बांधीच्या कोपऱ्यात चिमूटभर लावतो, नाईतं बी मोडन."

अनूने नागपूरला मुलालाही फोन लावला. तो म्हणाला, "आई घरचाच म्हणते. मी तर दुसरं नाव कधी ऐकलंच नाई."

झालं. 'घरचा' या धानाची नोंद झाली. निघताना फुलाबाईंनी लाखोळीच्या डाळीचे वडे केळीच्या पानात बांधून दिले. चामोर्शीच्या अलीकडे वैनगंगा ओलांडली, आष्टी मागे पडलं, तरी अनू बोलतच होती. 'पांढरं' कुठपर्यंत ऐकू येतं ते बघायला हवं, कदाचित ही एक नवीच रेघ निघेल. 'घरचा' हे नाव किती जुनं असेल. मी वडे खात हो हो म्हणत होतो. आलापल्लीच्या सागवनात रस्ता अंधारतो, हवा बदलते, वाहनं तुरळक होतात. तिथे कुठे ती जरा गप्प झाली. मलाही तिच्या आनंदाने आनंद झाला होता, हे सांगायला काय हरकत आहे.

दुसऱ्या दिवशी अहेरीचा बाजार. बाजारात शिरल्या शिरल्या कानावर मराठी, गोंडी आणि तेलुगू एकदमच पडल्या. चहावाला गिऱ्हाईक बघून भाषा बदलत होता. सिरोंच्याकडच्या माणसाशी बोलताना त्याच्या तोंडी दूध तेलुगूतलं 'पालु' झालं. अनूने त्याला विचारलं, "इथे कुणी दुधाला पांढरं म्हणतं का?" तो म्हणाला, "दूध तं पांढरंच राह्यते, बाई. म्हनाले काय लागते?"

पुढे एक म्हातारी आवळे आणि हिरडे घेऊन बसली होती. जंगलातल्या गावाहून आलेली, गोंड. तिच्याशी अनूचं जमलं. आवळे घेता घेता तिने धानाला गोंडीत 'वंजी' म्हणतात हे सांगितलं, अनूकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि दोन्ही वेळा हसली. मग अनूने हळूच विचारलं, "तुमच्याकडे 'घरचा' नावाचा धान आहे का?"

"हाय ना. माह्या घरी हाय. इच्या घरी हाय," शेजारणीकडे बोट दाखवत ती म्हणाली. "ज्याचा त्याचा घरचा राह्यते."

"नाही, नावच घरचा. मूलकडच्या एका बाई म्हणतात. दुसरं नावच सांगत नाहीत."

म्हातारीने आवळे निवडणं थांबवलं. "आन काय नाई सांगत थे?"

अनू जरा घुटमळली. "दुधाला पांढरं म्हणतात."

"मंग तिच्या नवऱ्याचं नाव दुधराम असन," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा आवळे निवडायला लागली. "कशी बोलन थे? माह्या मालकाचं नाव एका वारावरचं होतं. मी आजवरी थो वार नाई म्हनली. सोमवारानंतरचा दिवस म्हनतो."

मी अनूकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्या नावासारखा शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही, हा रिवाज ती स्वतः दर वर्षी वर्गात शिकवते. माझ्या घरी मला दिवसभर नावाने हाका पडतात, त्यातल्या बऱ्याचशा रागाच्या. त्यामुळे हा विषय आमच्या अंगवळणी नाही, असं मी समजुतीचं काहीतरी बोललो. तिने मला आवळ्यांची पिशवी धरायला दिली.

तिथूनच तिने चंद्रपूरच्या त्या प्राध्यापिकेला फोन केला. फुलाबाईंच्या नवऱ्याचं नाव दुधरामच होतं.

लॉजवर परत येताना अनू म्हणाली, "पांढरंचं काही नाही, पुसून टाकीन. पण धानाचं बघ. त्याच्या नावात दूध आहे, पुढे काय आहे ते माहीत नाही. नवरा नाव घेत असेल, तो गेला. मुलगा आईच्या तोंडून शिकला, आणि आई कधी बोललीच नाही. म्हणजे ते नाव आता जगात फक्त त्यांच्या मनात आहे, शरद. आणि त्यांना ते बोलता येत नाही."

"मग उद्या जाता जाता विचारू."

"कसं विचारू? माझ्या यादीसाठी त्यांनी आयुष्यभराची रीत मोडायची?"

परतीच्या वाटेवर तिने दोनदा ठरवलं की त्या गावात थांबायचंच नाही. गाडी मी चालवत होतो म्हणून थांबली.

फुलाबाई बांधीवरून नुकत्याच आल्या होत्या, पाय चिखलाचे. आम्हाला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. अनूने सरळ सांगून टाकलं, "आम्हाला कळलं, बाई. पांढरं का म्हणता ते."

फुलाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "तुमी इचारलंच नाई काऊन म्हनून. मले वाटलं पुन्याकडं बी तसंच म्हनत असन."

मग त्या पाय धुऊन ओसरीवर बसल्या. दाराच्या लोंब्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं. अनूने काही विचारलं नाही. तिने यंत्र पिशवीतून काढलंही नव्हतं.

"त्या मशीनमंदी बोललं का राह्यते?" फुलाबाईंनीच विचारलं.

"राहतं."

"मी गेल्यावर बी?"

"हो. पण तुम्ही बोललंच पाहिजे असं नाही. खरंच नाही."

"लिवल्यानं काई होत नाई. बाकीच्यानं म्हटल्यानं बी काई होत नाई. माह्या तोंडाचीच गोठ हाय." त्या थांबल्या. "पोराले सांगाचं राहून गेलं. थो असता तं पोराले त्यानं सांगतलं असतं. मले वाटे, सांगन कधी. तं कसं सांगन?"

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, तुमी जरा बोडीवरून फिरून या."

मी उठलो. कोंबड्याही माझ्यामागे निघाल्या, हे एक बरं झालं. बोडीच्या पाळीवर ऊन तापायला लागलं होतं. एक माणूस जाळं सोडवत बसला होता. त्याने विचारलं, "कुठचे?" मी सांगितलं. "कायले आले?" मी उलट मासे मिळतात का ते विचारलं. मिळत होते. परतलो तेव्हा अनू यंत्र पिशवीत ठेवत होती आणि फुलाबाई चुलीशी बसून भात टाकत होत्या. जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. तो घरचा धान होता की पाकिटातला, ते मी विचारलं नाही. वास मात्र सगळ्या घरात भरला होता.

पुण्याच्या वाटेवर मी अनूला खोदून विचारलं नाही. हे माझ्या स्वभावाला धरून नाही, तिच्याही लक्षात आलं असणार. घरी आल्यावर एका संध्याकाळी तिने आपण होऊन माझ्या कानाला यंत्र लावलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभी राहिली.

आधी कोंबडा. मग भांड्याचा आवाज. मग फुलाबाईंचा आवाज, लग्नातल्या नव्या नवरीसारखा लाजलेला. नवऱ्याचं नाव बाईने घ्यायला एकच जागा आपल्या लोकांनी ठेवली आहे, आणि फुलाबाईंनी बरोबर तीच वाट धरली होती. विधवा बाई उखाणा घेत नाही, त्यांनी घेतला, रोवनाचा (भाताच्या लावणीचा):

"बोडीत भरलं पानी, बांधीत लागलं रोवन,
दुधरामचं नाव घेते, मले रोखन कोन."

मग हसू. आणि त्या हसण्यातच, वाट मोकळी झाल्यासारखं, "दुधलोंबी. या धानाचं नाव दुधलोंबी, बाई." पुन्हा एकदा, सावकाश, मुलाला शिकवावं तसं, "दुध-लोंबी."

संग्रहात तेवढंच गेलं आहे. नागपूरला मुलालाही अनूने तेवढंच पाठवलं. त्याने ते ऐकून लगेच फोन केला. यंदा थोडं बी तो घेऊन जाणार आहे.

मला इतकी वर्षं वाटायचं, की ही माणसं शब्द गोळा करतात म्हणजे टपाल तिकिटं गोळा करण्यापैकीच काहीतरी. आता तसं वाटत नाही. दुधलोंबीच्या पुढे ध्वनिमुद्रणात आणखी थोडा भाग आहे. तो अनूने कापून घरीच ठेवला आहे. फुलाबाईंना फोनवर विचारून मी तो इथे लिहितो आहे. त्या म्हणाल्या, लिवल्यानं काई होत नाई.

दुधलोंबी म्हणून झाल्यावर बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. अनूला वाटलं झालं, तिचा हात यंत्राकडे गेल्याची खुडबुड आहे. आणि एकदम फुलाबाईंचा आवाज येतो, उखाण्याशिवाय, मोठ्याने, जेवण तयार झाल्यावर बांधावरून माणसाला हाक मारतात तसा.

"दुधराम."

मग त्या हळूच विचारतात, "आयकलं असन का, बाई?"

आणि पुराव्याशिवाय एक वाक्य तोंडातून न काढणारी माझी बायको म्हणते, "हो."