पवित्र कुटुंबाचा सण आणि अंगठ्याचे मोजे

मी एकदा माझी सासू हरवली.

(हे वाक्य ऐकलं की बायका "अगं बाई!" म्हणतात आणि पुरुष जरा जवळ सरकून विचारतात, "कशी?")

तेव्हा आम्ही नोएडात राहायचो. मी एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. बायको सिसिलिया, म्हणजे सिसिल, शाळेत शिक्षिका. दोन गल्ल्या पलीकडे मेहुणा आग्नेल आणि त्याची बायको लुसी. दिल्लीतले आम्ही मराठी कॅथलिक महिन्यातून एकदा कॅन्टोनमेंटकडच्या एका चर्चमध्ये दुपारी चार वाजता जमायचो आणि मराठीतून मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, करायचो. सगळे मिळून साठ-सत्तर जण. बाकी महिनाभर हिंदी-इंग्रजीत प्रार्थना करून जीभ आंबून गेलेली असे.

या मेळाव्यात माझं एक खास स्थान होतं. ते मीच निर्माण केलं होतं. सणाच्या मिस्सात ख्रिस्तप्रसादानंतर आमचे फादर "आजच्या वाचनांवर चिंतन" म्हणून मला पाच मिनिटं देत. मी पंचवीस घेई! फादर घड्याळ बघत, खोकत, एकदा तर त्यांनी घंटाही वाजवून पाहिली. पण मी मुद्दे संपल्याशिवाय थांबत नसे, आणि माझे मुद्दे नेहमी सात असत.

शेवटपर्यंत मन लावून ऐकणारी एकच व्यक्ती होती. माझ्या सासूबाई. दर नाताळात त्या वसईहून येत आणि पहिल्या बाकावर बसून मान डोलावत. "जावईबापू, तुम्ही फादर व्हायला हवं होतं," असं म्हणत. (यावर सिसिल म्हणे, "अजूनही होऊ दे, माझी हरकत नाही.")

त्या वर्षी नाताळानंतरच्या रविवारी, पवित्र कुटुंबाच्या सणाला, आमची मिस्सा आली. त्या दिवशीचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं वाचन, तीन वर्षांतून एकदाच येतं: बारा वर्षांचा येशू सणाला गेला असताना यरुशलेमातच राहतो, आणि त्याचे आईबाप मरिया-योसेफ दिवसभर वाट चालून जातात. दोघांना वाटतं, पोरगा असेल बरोबरच्या मंडळींत. मग धावाधाव! तिसऱ्या दिवशी तो सापडतो कुठे, तर मंदिरात, गुरुजनांच्या मधोमध बसून प्रश्न विचारताना.

आठवडाभर मी ऑफिसच्या फायलींखाली हाच कागद ठेवून तयारी केली होती. विषय ठरला: घरातल्या माणसांकडे लक्ष. सातही मुद्दे खणखणीत.

त्या रविवारी कडाक्याची थंडी. सासूबाई आपल्या लाल लुगड्यात, वर सिसिलचं स्वेटर, आणि पायात नुसत्या चपला. त्यांचे पाय बर्फ झालेले पाहून सिसिल म्हणाली, "वाटेत सरोजिनी नगरला थांबू. पाच मिनिटं. आईला मोजे घेते."

माझ्या मारुतीत पुढे मी आणि सिसिल, मागे गायन मंडळाची पेटी आणि सासूबाई. आग्नेलच्या व्हॅनमध्ये तो, लुसी आणि नाश्त्याचे डबे. बाजारापाशी दोन्ही गाड्या थांबल्या. सिसिल आईला घेऊन मोजेवाल्याकडे गेली. मी गाडीतच बसून चौथा मुद्दा घोटू लागलो. पाचाची पंधरा मिनिटं झाली. मला वेळेआधी पोचून माइक तपासायचा होता, म्हणून मी हॉर्न वाजवला. मी वाजवला म्हणून आग्नेलने वाजवला. दोघांनी मिळून अर्धा बाजार गोळा केला.

सिसिल घाईघाईने येऊन माझ्या शेजारी बसली. "आई पुढे आली होती. इथे पेटीमुळे अवघडून बसावं लागतं म्हणत होती. आग्नेलच्या गाडीत बसली ना?"

"हो हो, बसली," मी कागदातून मान वर न काढता म्हणालो.

(हे तीन शब्द मी पुढे फार दिवस कुणाला सांगितले नाहीत. सिसिलला सांगायची गरजच नव्हती. तिच्या ते पक्के लक्षात होते.)

आग्नेलने माझी गाडी सुटलेली पाहिली आणि मागोमाग निघाला. आई आली तशीच ताईच्या गाडीतून जाणार, हे तो धरूनच चालला होता. चर्चमध्येही कुणाला संशय आला नाही. सिसिल गायन मंडळात, आग्नेल दानपेटीकडे, लुसी नाश्त्याच्या टेबलाशी, आणि मी माइकशी. सासूबाई पहिल्या बाकावर असणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं!

माझी वेळ झाली. मी सुरुवातीलाच मरिया-योसेफाला फैलावर घेतलं.

"योसेफ साधा सुतार होता, मान्य! पण बंधुभगिनींनो, निघताना आपली डोकी मोजायला काय लागतं? हिला वाटलं त्याच्याबरोबर, त्याला वाटलं तिच्याबरोबर! असा निष्काळजीपणा आपल्यापैकी कोण करील?"

मंडळी गंभीर झाली. एका बाईंनी आपल्या मुलाला जवळ ओढलं. मला चेव आला. पाचव्या मुद्द्याला मी कागद बाजूला ठेवला आणि घरचं उदाहरण दिलं.

"माझ्या सासूबाईंचंच घ्या! सत्तरी ओलांडलेली, हिंदीचा एक शब्द येत नाही. पण त्या दिल्लीत असेपर्यंत मी त्यांना क्षणभरही नजरेआड होऊ देत नाही. आई, जरा उभ्या राहा. मंडळींना दिसू द्या!"

कुणी उभं राहिलं नाही.

"संकोचू नका, आई!"

मंडळींनी माना वळवल्या. पहिला बाक पाहिला, दुसरा पाहिला. फादरांनी वेदीमागे पाहिलं. सिसिलने गायन मंडळातून आग्नेलकडे पाहिलं, आग्नेलने सिसिलकडे.

"आई तुझ्या गाडीत होती ना?"

"माझ्या? तुझ्या ना?"

आणि मग दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. माइक चालूच होता. त्यातून साऱ्या चर्चने माझा आवंढा ऐकला!

आम्ही चौघांनी दोन्ही गाड्या तशाच सरोजिनी नगरकडे पिटाळल्या. खरं सांगतो, तेव्हा मला हसू येत नव्हतं, रडू येत होतं. ती बाई कुठल्या कोपऱ्यात थरथरत उभी असेल, कुणाला काय सांगत असेल? माझं सगळं बोलणं ऐकणारं ते एकच माणूस, आणि मी त्याच्याकडे मान वर करूनही पाहिलं नव्हतं. सिसिलच्या मांडीवर मोज्यांची पिशवी होती. तिने ती उघडली. आत पिशवीभर थंडी होती, मोजे नव्हतेच.

बाजाराच्या तोंडाशी एक हवालदार भेटला.

"कब गुम हुईं माताजी?"

"दो घंटे हो गए."

"और आपको पता कब चला?"

"अभी. मैं भाषण दे रहा था."

"किस बात पे भाषण?"

सिसिलने माझ्या वतीने उत्तर दिलं, "इसी बात पे."

हवालदाराने वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की त्याने नक्की काय लिहिलं हे मी विचारलं नाही. "पहचान?" त्याने विचारलं. आग्नेल म्हणाला, "नौ गज की लाल साड़ी, धोती जैसी." अख्ख्या दिल्लीत त्या दिवशी तसं लुगडं नेसलेली एकच बाई असेल, आणि नेमकी तीच आम्ही हरवली होती!

मोजेवाल्याला मात्र सगळं ठाऊक होतं. "वो लाल कपड़ेवाली अम्मा? भाईसाहब, गाड़ी तक जाके लौट आईं. मोज़े में अंगूठा नहीं था. बिना अंगूठे के मोज़े पे चप्पल कैसे पहनेंगी? बदलवा के ही मानीं! तब तक गाड़ियाँ निकल गईं. फिर एक सरदारनी जी उन्हें गुरुद्वारे ले गईं."

म्हणजे पिशवीतले मोजे काढून घेऊन, रिकामी पिशवी लेकीच्या हातात ठेवून त्या "गाडीत बसते" म्हणाल्या होत्या. आणि गाडीपाशी येऊन, मोजे उलगडून, अंगठा नाही हे पाहून परतल्या होत्या. माझ्या काचेवर टकटकही केली होती. मी हाताने "पुढे, पुढे" अशी खूण केली होती म्हणे. मला वाटलं होतं, कुणी बेल्ट विकतोय!

आम्ही गुरुद्वाऱ्यात धावलो. लंगरच्या स्वयंपाकघरात पाच-सहा सरदारनी गोल करून बसल्या होत्या आणि मधोमध आमच्या सासूबाई. पायात नवे, अंगठ्याचे मोजे. पुढ्यात मटारांचा डोंगर. त्या अस्सल मराठीत मटार सोलण्याची योग्य पद्धत समजावत होत्या आणि बायका हसत हसत माना डोलावत होत्या.

सिसिल त्यांच्या गळ्यात पडून रडू लागली. "आई, किती शोधलं गं तुला!"

"शोधायचं काय त्यात?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "देवाच्याच घरी बसले होते ना? तुम्हाला ठाऊक असायला हवं होतं. आजचं शुभवर्तमान ऐकलं नाहीत का?"

ऐकलं होतं. सात मुद्दे काढले होते!

मी खाली बसलो आणि त्यांचे हात धरले. "चुकलं माझं, आई." त्यांनी माझ्या हातात मटारच्या शेंगा ठेवल्या. एक वयस्क सरदारजी म्हणाले, "ले जाओगे जी? पहले मटर तो ख़त्म होने दो." तेव्हा आम्ही चौघांनीही मांडी ठोकून मटार सोलले आणि जेवूनच निघालो.

शुभवर्तमानात शेवटी मुलगा मुकाट्याने घरी जातो आणि मोठ्यांच्या आज्ञेत राहतो. आमच्या घरी ते काम मी केलं.

तीन वर्षांनी तेच वाचन पुन्हा आलं. फादरांनी चिंतनाला नाव पुकारलं, पण माझं नव्हे. सासूबाई लाल लुगडं सावरत माइकपाशी गेल्या. मी शेवटच्या बाकावर, एका जाड खांबाआड बसलो होतो. त्यांनी चष्मा नीट केला, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाल्या, "मला एकच मुद्दा सांगायचाय. जावईबापू, जरा उभे राहा. मंडळींना दिसू द्या!"