ओसाकातला फ्रेंच पाववाला

ओसाकाच्या विमानतळावर मला घ्यायला आलेले गृहस्थ आदल्याच आठवड्यात जपानी टीव्हीवर गळा आवळून मारले गेले होते. जुन्या मालिकेचं पुनःप्रक्षेपण होतं. मरताना ते रशियन हेर होते. त्याआधी ते डच कप्तान होते, अमेरिकन जनरल होते, पाद्री किती वेळा झाले याची गणती नाही, आणि डिसेंबर आला की केकच्या जाहिरातीत सांताक्लॉज. हे माझे भावोजी, कॉलिन. जन्मानं ऑस्ट्रेलियन. जपानी पडद्यावर उभं आयुष्य गेलं, पण तिथं ऑस्ट्रेलियन माणूस म्हणून ते एकदाही दिसले नाहीत.

मी पुण्याहून निघाले तीच चिडून. माझी मोठी बहीण वसुधाताई दोन वर्षांच्या संशोधनासाठी म्हणून ओसाकाच्या विद्यापीठात गेली आणि तिथलीच झाली. तिनं लग्न केल्याचं आम्हाला लग्नानंतर कळलं. मग वर्षानुवर्षं येते, येते म्हणत ती आली नाही. आणि आता अचानक फोन. "सुले, तू ये. कॉलिनचं हे शेवटचं काम. यात तो नीट बोलणार आहे." नीट बोलणार आहे म्हणजे काय, हे तिनं सांगितलं नाही, आणि रागात मीही विचारलं नाही.

"चल सुलभा, जेवायची वेळ टळून जाईल. वसुधा वाट बघतेय," भावोजी ताईकडून शिकलेल्या मराठीत म्हणाले. माझी सगळी नोकरी रेडिओवर बातम्या वाचण्यात झाली, त्यामुळे माणूस काय बोलतो याआधी कसं बोलतो ते मी ऐकते. त्यांचा 'ळ' आमच्या सोसायटीतल्या निम्म्या पोरांपेक्षा स्वच्छ होता. स्टेशनवर सरकत्या जिन्यावर मी डावीकडे उभी राहिले आणि मागची माणसं खोळंबली. ओसाकात उजवीकडे उभं राहायचं, टोकियोत डावीकडे, असं त्यांनी समजावलं. एका देशात दोन तऱ्हा कशाला, म्हणून मी त्यावरही चिडले.

ताईचं घर गावाबाहेर, खासगी रेल्वेच्या एका लहानशा स्टेशनजवळ. दुसऱ्या दिवशी मी केळ्याची सालं बाहेर नेऊन ठेवली. तो दिवस फक्त प्लास्टिकच्या कचऱ्याचा होता. पिशवीवर लाल चिठ्ठी चिकटवून कचरेवाले ती तिथंच टाकून गेले आणि शेजारच्या आजींना तोंड दाखवायची चोरी झाली.

जेवताना भावोजींकडून त्यांची सगळी कारकीर्द वसूल करून घेतली. वडील मेंढ्यांची लोकर कातरणारे. गावच्या सभागृहातल्या नाटकात कुणीतरी आजारी पडलं म्हणून हे उभे राहिले आणि मग खाली बसायला तयार होईनात. मेलबर्नच्या मालिकांत ते पोलीस झाले, दारूच्या गुत्त्यातलं गिऱ्हाईक झाले, मग पुन्हा पोलीस. एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर जपानला आले. कंपनी परत गेली, हे राहिले. सार्वजनिक न्हाणीघरात रोज संध्याकाळी येणाऱ्या म्हाताऱ्यांकडून ते ओसाका-बेन (ओसाकाची बोली) शिकले. ती इतकी पक्की, की फोनवर लोक त्यांना मासळीबाजारातला कुणी आजोबा समजतात.

"मग नाटक-सिनेमात ही बोली कामाला आली असेल," मी म्हटलं.

"नाही," ताई म्हणाली. "तिथं त्याला मोडकं बोलावं लागतं. गोरा माणूस अडखळला नाही तर त्यांना चुकल्यासारखं वाटतं."

"अगं, पण येत असताना?"

"येत असताना."

माझा घास हातातच राहिला. उच्चार सुधारण्यासाठी आम्हाला वरिष्ठांनी रडवलं होतं. इथं एका माणसाला चांगलं बोलणं बिघडवण्याचे पैसे देत होते, आणि तो ते इमानेइतबारे बिघडवत होता.

याची झळ घरात लागली होती. त्यांची मुलगी मिना टोकियोत, तोयोसुला एका कंपनीत आहे. ती शाळेत असताना त्या केकच्या जाहिरातीतलं बापाचं वेडंवाकडं जपानी वर्गातली मुलं तिला म्हणून दाखवायची. रोज. तेव्हापासून तिनं वडिलांचं एकही काम पाहिलेलं नाही. घरात टीव्हीवर ते आले की उठून जायची.

या वेळी गोष्ट निराळी होती. मालिका ओसाकातलीच, भूमिका एका म्हाताऱ्या ऑस्ट्रेलियन पाववाल्याची. लिहिणारी मुलगी भावोजींना भेटून, त्यांच्या बोलीतच त्यांचे संवाद लिहून गेली होती. शेवटच्या प्रसंगात दुकानात वाढलेली मुलगी टोकियोला निघते आणि पाववाला तिला निरोप देतो. महिनाभर भावोजी रोज संध्याकाळी फोन लावून मिनाबरोबर त्याची तालीम करत होते. ती त्या मुलीचं बोलायची, ते पाववाल्याचं. ताईनं मला त्या निरोपाच्या वाक्याचा अर्थ सांगितला: "जा. मी कुठं जातोय? भट्टी रोज सकाळी पेटते. कधी आलीस तरी पाव गरमच मिळेल." चित्रीकरण बघायला मिना रजा काढून येणार होती. ताईला माझ्याकडून काय हवं होतं ते आता कळलं. ते ऐकायला तिला आपलं माणूस शेजारी हवं होतं.

चित्रीकरण एका जुन्या शोतेंगाईत (छप्पर घातलेली बाजारपेठ) होतं. लोणच्याचं दुकान, छत्र्यांचं दुकान, आणि मध्ये एक बंद पडलेली बेकरी पुन्हा उघडल्यासारखी सजवलेली. मिना स्टेशनवरून थेट आली. "मावशी, फायनली," म्हणत गळ्यात पडली आणि मग बापाकडे बघत उभी राहिली. पहिली तालीम झाली. पांढरा एप्रन घालून भावोजी दारात आले आणि ते वाक्य बोलले. मला जपानी येत नाही. पण आवाज कुठं टेकवायचा आणि कुठं सोडायचा ते कळतं. छत्रीवाल्या बाईंनी हातातलं काम थांबवलं. मिना ओठांतल्या ओठांत त्यांच्याबरोबर बोलत होती.

दिग्दर्शक, पस्तिशीतला एक देखणा तरुण, कमरेत वाकून त्यांच्यापाशी आला. ताई मला हळूच सांगत होती. "म्हणतोय, फारच सुंदर. पण इतकं सफाईदार बोललात तर बघणाऱ्याला खटकेल. जरा अडखळा. आणि पाव म्हटलं की लोकांना फ्रान्स आठवतं, तेव्हा आपण फ्रेंचच करू."

"फ्रेंच?" मी म्हटलं.

भावोजी म्हणाले, "हाय." म्हणजे हो. आणि तेही वाकले.

मधल्या सुट्टीत सगळ्यांना जेवणाचे डबे मिळाले. मासा, भात, लोणच्याची चकती.  मी डबा हातात घेऊन भावोजींना गाठलं.

"भावोजी, नाही म्हणा. मुलगी आलीय तुमची."

"दिसतेय मला." ते भात खात होते. "मी नाही म्हटलं तर दुपारी दुसरा गोरा येईल. वाक्य तेच, मोडकं. सुलभा, तू रेडिओवर बातम्या वाचायचीस. तुला पटायच्या तेवढ्याच वाचायचीस का?"

मला इतका संताप आला की मी डबा तसाच झाकून ठेवला. 

दुपारी ते वाक्य चित्रित झालं. भावोजींनी ते मोडलं. किती सफाईनं मोडलं म्हणून सांगू. शब्द उलटसुलट, 'र' घशातून, मधे एक हताश खांदे उडवणं. लोक खुदकन हसले. दिग्दर्शक खूश झाला. मी मिनाकडे बघितलं. शाळेतली ती मुलगी कशी उभी राहत असेल ते मला दिसलं.

जपानी चित्रीकरणात एक रीत आहे. नटाचं शेवटचं दृश्य झालं की साहाय्यक त्याचं नाव घेऊन मोठ्यानं 'ऑल-अप' असं जाहीर करतो, सगळे टाळ्या वाजवतात, त्याला फुलांचा गुच्छ देतात आणि त्यानं चार शब्द बोलायचे असतात. कॅमेरा तेव्हा बंद असतो. भावोजींना गुच्छ मिळाला. ते हसले, वाकले आणि गर्दीच्या मागं, एका दुकानाच्या बंद शटरपाशी उभ्या असलेल्या मिनाकडे तोंड करून बोलू लागले. आधी आभार, त्या न्हाणीघरातल्या बोलीत. मग थांबून पाववाल्याचं ते वाक्य. सगळं, जसं लिहिलं होतं तसं.

छत्रीवाल्या बाई डोळे टिपत होत्या. लिहिणारी मुलगी मान खाली घालून उभी होती. आवाज टिपणाऱ्या माणसाचे हेडफोन गळ्यात लोंबत होते. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम भावोजींनी केलं आणि ते टिपायला कुणी नव्हतं.

आणि दिग्दर्शक पुढं येऊन म्हणाला, "निहोंगो जोझु देस ने." म्हणजे, तुमचं जपानी किती छान आहे. नुकत्याच आलेल्या परदेशी पाहुण्याला म्हणतात तसं.

मग मात्र माझा तोल गेला. मी त्याला खणखणीत मराठीत जे बोलले ते इथं लिहीत नाही. तो नम्रपणे ऐकत राहिला. ताई वाकून त्याला काहीतरी म्हणाली आणि तो दुप्पट वाकला.

"काय सांगितलंस त्याला?"

"जेवण आवडलं म्हणून तू आभार मानलेस."

त्या दिवशी मिना घरी आलीच नाही. ऑफिसचं काम आहे म्हणाली, बापाला धड निरोपही दिला नाही. स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर ती टोकियोच्या सवयीनं डावीकडे उभी राहिली. मागचे लोक खोळंबले, तरी ती हलली नाही. परतीच्या गाडीत भावोजी मांडीवर गुच्छ घेऊन बसले होते. समोरच्या एका बाईनं त्यांना ओळखलं आणि हसत मान लववली. कुठल्या मरणामुळे ओळखलं कोण जाणे.

आठवड्यानं मी पुण्याला परत आले. पुण्यात सगळ्यांनी मला चेरीच्या फुलांबद्दल आणि बुलेट ट्रेनबद्दल विचारलं. भावोजींबद्दल सांगायला लागले की माझा आवाज चढतो, म्हणून मी फुलांबद्दलच सांगत राहिले.

पुढं एका रविवारी दुपारी मिनाचा व्हिडिओ कॉल आला. तिनं फोन लॅपटॉपसमोर धरला होता. पडद्यावर एप्रन घातलेला फ्रेंच म्हातारा दारात येत होता. मिनाच्या टोकियोतल्या घरात बापाचं काम पहिल्यांदा लागलं होतं.

"मिना, हे कशाला बघतेस?" मी म्हटलं. माझा राग तेवढाच ताजा होता, आणि आहे.

"मावशी, थांब. आवाज बंद केलाय मी."

भावोजींचे ओठ हलायला लागले आणि मिना बोलू लागली. ओसाकाच्या बोलीत, बापाच्या लयीत, एक शब्द न अडखळता. वाक्य संपलं तेव्हा पडद्यावर त्यांनी खांदे उडवले. ते तिनं बघितलं आणि दृश्य मागं नेऊन पहिल्यापासून पुन्हा लावलं.