पेनड्राइव्हमधली आई नंदासाठी थांबली

आधीच सांगून ठेवतो — भूतखेत, करणी, संकेत... आपला कशावरच विश्वास नाही. रेल्वेत नोकरी केली, रात्री-बेरात्री यार्डात फिरलो, कुत्र्यांशिवाय कोणी भेटलं नाही. आणि हे घडलं ते भर दुपारी, पंख्याखाली, लोक चहा पीत असताना! मला राग आहे तो त्याचाच.

ठिकाण रायपूर, चौबे कॉलनीतला आमच्या मराठी मंडळाचा हॉल. महिन्यातल्या एका रविवारी मी तिथे जुने मूकपट दाखवतो. म्हणजे आधी भाषण देतो, मग दाखवतो. लोक भाषणातच उठतात. शेवटी सेक्रेटरी वासुदेवभाऊ म्हणाले, "भैया, या बारी पब्लिक टिकलं नाही त हॉल हाउजीवाल्यायले देऊन टाकतो. नाराज नका होऊ."

नाराज? अहो, रिटायर झाल्यापासून तेवढा एक रविवारच माझा स्वतःचा उरलाय!

मग ठरवलं, जुन्या रिवाजाप्रमाणे पडद्याजवळ पेटी-तबला बसवायचा. मूकपट मुके कधी नव्हतेच हो... वाजवणारे पडद्याकडे बघून वाजवायचे. पण तबलेवाल्याने ऐन वेळी दगा दिला. राहिली फक्त पेटी, म्हणजे माझी बायको नंदा. ती भजनी मंडळात वाजवते. हा सिनेमा तिने आधी पाहिलाही नव्हता.

सिनेमा म्हणजे नुसता एक तुकडा. ना नाव, ना नटीचा पत्ता. मुलगा गाव सोडून जातो, आई गल्लीच्या टोकापर्यंत त्याच्यामागे जाते आणि एकटी परत येते. कॅमेरा जागचा हलत नाही, चेहरा धड दिसत नाही. सगळा अभिनय पाठीचा! आजकालच्या नट्यांनी... असो. भाषण नको.

घोळ पुढे झाला. तेव्हाचे कॅमेरे हाताने फिरवायचे, जरा हळू. आजच्या मशीनवर तीच माणसं धावायला लागतात. घरी लॅपटॉपवर मी वेग कमी करून बघायचो. हॉलमध्ये पेनड्राइव्ह थेट प्रोजेक्टरला लावला, आणि त्या डब्याला वेगाचं बटणच नाही! ती आई तुरुतुरु पळत सुटली. हॉल खो-खो हसला. मागच्या खुर्च्या सरकल्या. वासुदेवभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की म्हटलं संपलं सगळं.

नंदाने मात्र शांतपणे पेटी उघडली आणि भजनाआधी वाजवते तसे संथ सूर धरले. मनात म्हटलं, अगं बाई, ती पळून राहिली आणि तू काय...

आणि ती आई हळू चालायला लागली.

खरं सांगतो! एक पाऊल टाकलं, थांबली, पदर सावरला. नंदाच्या हाताखाली भाता जसा हलायचा, तशी तिची चाल. रिमोट माझ्याच हातात होता, मी बोटही लावलं नाही. उठलेले लोक परत बसले. एकटी परतून ती दाराशी पोचली, नंदाने सूर लांबवला — आणि ती उंबरठ्यावर उभीच! सूर सुटला, तेव्हा आत गेली. वासुदेवभाऊ खिशात रुमाल शोधत होते. हॉल आमच्याकडेच राहिला, हे वेगळं सांगायला नको.

घरी येऊन विचारलं, "नंदा, काय केलं तू?"

"मी काय करू? मी त तिच्या पायाकडे पाहून वाजवून राहिली होती. तीच थांबे माह्यासाठी."

माझी पुतणी नवा रायपूरला कंप्युटरमध्ये आहे. तिने तोच पेनड्राइव्ह, तोच प्रोजेक्टर तपासला. पेटीशिवाय लावला तर आई पळतेच. "काका, ऐसा पॉसिबल ही नहीं है," म्हणाली. मग आमच्यापुढे एकच उपाय उरला. मी नंदाला म्हटलं, चल, पेटी काढ, पुन्हा एकदा वाजवून बघू, सोक्षमोक्ष लावू.

नंदाने पेनड्राइव्ह उपसून पदराला बांधला.

"एक डाव पोराले धाडून आली बिचारी. आता तुमच्या टेस्टिंगसाठी पुन्हा धाडाले लावू काय तिले?"

तेव्हा स्पष्टीकरण अजूनही नाही. आणि खरं सांगू? ते मागायची माझी हिंमतही नाही.