व्याह्यांच्या विमानाची चाकं

आमच्या व्याह्यांनी जन्मभर टायरचं दुकान चालवलं. ट्रक असो, ट्रॅक्टर असो की हातगाडी, चाक बसवायचं आणि ते निखळणार नाही याची खात्री करूनच गिऱ्हाइकाला सोडायचं. असा माणूस दुकान मुलाच्या हाती देऊन घरी बसला, तर त्याला वेड कसलं लागावं? चाकं लपवायचं!

त्यांनी रिमोटवर उडणाऱ्या विमानाचा संच मागवला. उडालं की त्याची चाकं पोटात जातात, उतरताना बाहेर येतात. खोकं जेवणाच्या टेबलावर उघडलं आणि टेबल गेलं ते गेलंच. हलक्या लाकडाच्या फासळ्या, गोंदाच्या बाटल्या, टाचण्या. अख्खं घर ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलं. एकदा भाजीत टाचणी निघाली तेव्हा विहीणबाई कडाडल्या, "माझ्या टेबलाचा विमानतळ केलात, आता पोटाचाही करा!"

"अगं, थोडंच राहिलंय."

"एकच पंख होता तेव्हापासून थोडंच राहिलंय!"

शेवटी करार झाला. विमान उडून स्वतःच्या चाकांवर उतरलं, तर टेबल व्याह्यांचं. पोटावर पडलं, तर टेबल विहीणबाईंचं आणि विमान माळ्यावर. साक्षीदार मी. पोटची पोरगी त्या घरात दिलेली, मी दोघांकडेही बघून मान डोलावली.

ती चाकं हवेवर हलायची. विमानाच्या पोटात छोटी टाकी, तिच्यात पंपानं हवा भरायची. रिमोटचं बटण दाबलं की फुस्स, चाकं आत. पुन्हा फुस्स, चाकं बाहेर. दर फुस्सला टाकीतली हवा कमी होणार. टायरवाल्याला हवेचं गणित मी काय शिकवणार? पण दूधवाला आला, दाखव फुस्स. मीटर बघणारा आला, दाखव फुस्स. विहीणबाईंनी मात्र एकदाही ढुंकून बघितलं नाही. फुस्स ऐकू आलं की त्या भांडी जोरात आपटायच्या.

उडवायच्या दिवशी मैदानावर सगळी गल्ली लोटली. व्याह्यांनी न्हाव्याला फुस्स दाखवलं, शिंप्याला दाखवलं, शिंप्याच्या सासूला ऐकू येत नाही म्हणून दोनदा दाखवलं. मग पंपासाठी पिशवीत हात घातला, तर पंप घरी, टेबलावरच!

त्यांनी टाकीचा काटा बघितला आणि मला बाजूला घेतलं. "व्याही, एकाच फुस्सची हवा उरलीय. चाकं आत घेतली तर बाहेर येणार नाहीत."

"मग घेऊच नका! बाहेर ठेवूनच उडवा, बाहेर ठेवूनच उतरवा. टेबल तुमचं."

"अगदी बरोबर," ते म्हणाले.

विमान उडालं, आणि काय झोकात उडालं म्हणून सांगू! टाळ्या पडल्या. एवढ्यात विहीणबाई व्याह्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. कपाळावर हात धरून त्यांनी वर बघितलं.

"अहो, ती चाकं आत जाणार होती ना? मला बघायचंय."

मी जोरात खोकलो. व्याह्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी बायकोकडे बघितलं आणि बटण दाबलं. आभाळात चाकं अलगद मिटली.

"अगंबाई!" विहीणबाई म्हणाल्या.

पुढचं सांगायला नको. विमान गवतावर पोटानं घसरत आलं, पुढचा पंखा मोडला. चाकं तेवढी आत सुखरूप, मातीचा कण लागला नाही. निकाल मलाच द्यावा लागला. "पोटावर," मी म्हटलं.

व्याह्यांनी कुरकुर केली नाही. संध्याकाळी स्वतः टेबल रिकामं केलं, पुसलं, विमान उचलून माळ्याच्या शिडीवर पाय ठेवला.

"कुठे निघालात?" विहीणबाईंनी विचारलं.

"माळ्यावर. ठरलंय ना."

"तिथे पंखा कसा बसवणार? डोकं आपटेल."

"पण करार?"

"करार टेबलाचा झाला. टेबल माझं. माझ्या टेबलावर काय ठेवायचं ते मी ठरवीन. ठेवा ते खाली."

तेव्हापासून टेबल विहीणबाईंचं आहे, आणि त्या घरी जेवायला गेलो की आम्ही अजून ताटं मांडीवरच घेतो. दूधवाला आला की बटण विहीणबाई दाबतात. व्याही आपले शेजारी उभे राहून हवा भरतात, जन्मभर भरत आले तशीच.