पांढऱ्या राखेची खिंड

शिमगा झाला आणि आमच्या मागचा डोंगर पेटला. कुणी म्हणालं शेतात राब भाजताना ठिणगी उडाली, कुणी म्हणालं चांगलं गवत यावं म्हणून कुणीतरी मुद्दाम लावला. दोन-तीन रात्री आम्ही हिर्डोशीतल्या आमच्या अंगणात उभं राहून आगीची माळ वर चढताना बघत होतो. मग सगळं विझलं आणि सकाळी डोंगर तव्यासारखा काळा दिसला.

त्याच सकाळी डोंगरापलीकडून, वेल्ह्याच्या अंगाच्या गावातून फोन आला. सासूबाईंची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती. तिनं खाणं सोडलं होतं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. फोन ऐकून त्या उठल्या, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि म्हणाल्या, "मी निघाले."

मालक म्हणाले, "आजचा दिवस थांब आये, टेम्पोचं बघतो. भोरवरनं फिरून जाऊ."

"तुझा टेम्पो सगळा तालुका फिरंल आन मी वाटंभर ओकत बसंन. तवर आक्का बोलायची राहील व्हय? खिंडीतनं गेले तर दिवस बुडायच्या आत पोचते."

"तुला पायाखालचा दगड दिसत न्हाई."

"हिला दिसतंय," आत्याबाईंनी माझ्याकडं बोट केलं. "ही येईल."

त्या वाटेनं मी कधी गेले नव्हते. पण मला कुणी विचारलं नाही आणि मी बोलले नाही. घरात मला मुकी म्हणतात. चौथीत शाळा सुटली तेव्हा मास्तरांनासुद्धा माझा आवाज माहीत नव्हता.

निघताना आत्याबाईंनी परसातल्या जांभळीची एक डहाळी मोडून बोचक्यात खोचली. मला वाटलं, माश्या हाकायला असेल.

आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना वाट पाठ होती पण दिसत नव्हती, मला दिसत होतं पण वाट माहीत नव्हती. अशा आम्ही दोघी शेवटचं शेत ओलांडून वर लागलो.

मी मान वर केली आणि उभीच राहिले. एरवी गवतात एक वाट दिसते, तीही थोडी पुढं जाऊन हरवते. आता गवत नव्हतं, कारवी नव्हती, आणि उघड्या डोंगरावर वाटाच वाटा होत्या. काळ्या अंगावर भस्माची बोटं ओढावीत तशा. वर जाणाऱ्या, आडव्या, एकमेकींत शिरणाऱ्या, मधेच संपणाऱ्या. इतकी वर्षं मी या डोंगराच्या पायथ्याला धुणं धुतलं, लाकडं आणली, पण त्याच्या अंगावर एवढं चालून ठेवलंय हे मला ठाऊक नव्हतं.

"काय दिसतंय?" आत्याबाईंनी विचारलं.

"वाटा."

"वाट म्हन. एकच हाय."

"न्हाई. लई हायेत."

"करवंदीची मोठी जाळी बघ. तिच्या डाव्या अंगानं जायाचं."

"जाळी न्हाई. जळाली."

"मग उंबर बघ."

"बुंधा हाय नुसता. आतनं धुपतोय."

त्यातली सगळ्यांत रुंद, सगळ्यांत मळलेली वाट मी धरली. जास्त माणसं चालली असतील तीच खरी, असं मनाशी म्हटलं. पावलागणिक राख उडत होती. थोड्याच वेळात आमचे पाय घोट्यापर्यंत काळे झाले. बरंच चालल्यावर मागून आत्याबाई म्हणाल्या, "पोरी, माझ्या मांड्या का भरून येत न्हाईत?"

मी चालतच राहिले.

"चढतोय तर मांड्या भरायला पायजेत. वाट उभी हाय का आडवी?"

"आडवी."

"मग ही गुरांची. गुरं डोंगराला आडवी चालत्यात. तू मला पाणवठ्याला चालवलीस. पाणी पाजून घरी आनून बांधतीस का काय?"

मला हसू आलं आणि रडूही. त्या तिथंच एका दगडावर बसल्या. "आता ऐक. जे दिसंल ते बोलायचं. दगड दिसला तर दगड म्हनायचं. गप ऱ्हायलीस तर मी हितनं उठत न्हाई, आन आक्का तिकडं वाट बघत जाईल."

मग मी बोलायला लागले. सुरुवातीला शब्द जमेनात. दगड. खड्डा. पुन्हा दगड. मग हळूहळू मला डोंगर दिसायला लागला, कारण सांगायचं असलं की नीट बघावं लागतं. मी सांगितलं की गोगलगाईंचे शंख भाजून शाडूसारखे पांढरे झालेत आणि सगळीकडं विखुरलेत. साळिंदराचं बीळ उघडं पडलंय, तोंडाशी अर्धे जळके काटे आहेत. खाली धरणाचं पाणी एवढं निळं आहे की बघवत नाही. वर एक घार फिरते आणि तिची सावली काळ्या जमिनीवर मावळून जाते. आत्याबाई "हं, हं" करत माझा पदर धरून चढत होत्या.

"हितं दगडांच्या ओळी हायेत," मी म्हटलं. "एकीवर एक. पायऱ्यांवानी."

पदर ताणला गेला. त्या थांबल्या होत्या.

"ताली हायेत त्या, नाचणीच्या शेताचे बांध. वरल्या अंगाला एक चौकोन हाय का?"

"हाय. जोतं हाय घराचं. कोपऱ्यात जात्याची तळी पडलीय, फुटकी."

"आमचं घर," आत्याबाई म्हणाल्या.

तेव्हा मला कळलं की दोघी बहिणी या उतारावरच्या वाडीतल्या. पुढं पाणी मिळेना म्हणून वाडी खाली उतरली आणि रानानं ती झाकून टाकली. एका बहिणीला डोंगराच्या अलीकडं दिलं, एकीला पलीकडं. आत्याबाईंनी त्या दिशेला तोंड केलं, पण तिकडं गेल्या नाहीत. "चल. आक्काला सांगू," म्हणाल्या.

वर पोचता पोचता ऊन कललं. आणि तिथं खरा घोळ झाला. माथ्यावर दोन खाचा होत्या, अगदी सारख्या, आणि दोन्हींकडं वाटा जात होत्या.

"एकच खिंड उतरती," आत्याबाई म्हणाल्या. "दुसरीच्या पल्याड कडा हाय. खिंडीत हिरड्याचं झाड हाय, ते बघ."

"झाडं दोन्हीकडं जळालीत."

"नीट बघ, पोरी. चुकलो तर मागं फिरावं लागंल. मग आज न्हाई पोचत. आन उद्या…"

मी डावीकडं बघितलं. काळं. उजवीकडं बघितलं. काळं, आणि त्या काळ्यात एका जागी पांढरं, सारवलेल्या भिंतीला चुना लावावा तसं.

"उजव्या खाचंत पांढरं काय तरी हाय. राखच हाय, पन पांढरी. ढीग हाय मोठा."

आत्याबाई खाली बसल्या आणि त्यांनी त्या बाजूला हात जोडले. "तीच खिंड."

खिंडीत देवी आहे, हे त्यांनी मग सांगितलं. देवी म्हणजे शेंदूर लावलेला तांदळा, नुसता दगड, देऊळ नाही. चढून आलेला प्रत्येक जण वाटेतली एक हिरवी डहाळी मोडून तिला वाहतो आणि मगच पलीकडं उतरतो. त्या डहाळ्या कुणी उचलत नाही. गवताची राख काळी पडते आणि वाऱ्यानं जाते. लाकूड पुरतं जळलं की राख पांढरी होते, हे मी रोज चुलीत बघते.

जवळ गेलो तेव्हा तो ढीग माझ्या गुडघ्याएवढा होता आणि आतून अजून ऊब होती. शेंदूर गेला होता, खाली देवीचा दगड तेवढा शाबूत. मी हात जोडले पण डोळे मिटवेनात. नवऱ्या, बाळंतिणी, बाजाराला निघालेले, मयताला निघालेले, दोघी बहिणींचे आईबाप, त्यांच्याही आधीचे, सगळ्यांची एकेक डहाळी. ती माणसं आता नाहीत आणि त्यांच्या हातचं जळून आम्हाला वाट दाखवत होतं.

आत्याबाईंनी बोचक्यातून जांभळीची डहाळी काढली. पानं मलूल झाली होती, पण हिरवी होती. "जळल्या डोंगरात हिरवं कुठं मिळायचं? म्हनून घरनं आनली." त्यांनी तिचे दोन भाग केले आणि एक माझ्या हातात दिला. पांढऱ्या राखेवर ते दोन हिरवे तुकडे ठेवून आम्ही उठलो.

वणवा खिंडीतच थांबला होता. पलीकडं सगळं पिवळं गवत, कमरेएवढं, आणि वाट कुठंच नाही. मी थांबले. आत्याबाईंनी माझा पदर सोडला, पायानं जमीन चाचपली आणि म्हणाल्या, "आता तू माझ्या मागं ये." न बघता त्या अशा उतरल्या की मला पळावं लागलं.

थोरल्या मावशी ओटीवर पडल्या होत्या. पार सुकल्या होत्या, पण नजर साफ होती. त्यांनी आमच्या पायांकडं बघितलं.

"डोंगर पेटवून आलीस का काय गं?"

"तू बोलवल्यावर काय करू," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांच्या उशाशी बसल्या. "आक्के, आपलं घर उघडं पडलंय. हिनं बघितलं."

"ही? ही बोलती व्हय?"

"आज थांबतच न्हाई. सांग गं तिला."

त्यांच्या सुनेनं पेजेची वाटी आणून माझ्या हातात दिली. मी पहिला घोट त्यांच्या ओठाला लावला आणि उंबरापासून सांगायला लागले. रुंद वाटेवर आले तेव्हा त्या म्हणाल्या, "ती आमच्या गुरांची. मीच न्यायची त्यांना." जोत्यावर आले तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मी थांबले.

"जातं होतं का तिथं?" त्यांनी विचारलं.

"तळी हाय."

त्यांनी तोंड उघडलं. मी दुसरा घोट दिला.

"मग?" त्या म्हणाल्या.