औषध फेल गेलं, असं केतनदादा बोलले

"औषध फेल गेलंय तुमचं. मॅडमना सांगा, शुक्रवारी मी ठाण्याला केसांचं ट्रान्सप्लांट करतोय. तारीख पण घेतलीय."

केतनदादा काउंटरवर हात आपटून असं बोलले. बाहेर चार पेशंट बसलेले, सगळे माना वर करून बघायला लागले. त्यातला एक तर त्याच दिवशी पहिल्यांदा आलेला.

डोंबिवली वेस्टला डॉक्टर मॅडमचं केसांचं आणि स्किनचं क्लिनिक आहे, तिथे मी असते. शिक्षण नववी. नंबर लावायचे, फोन घ्यायचे आणि पेशंटच्या डोक्याचे फोटो काढायचे, हे माझं काम. पोरगं दीड वर्षाचं, सासूकडे ठेवून येते. कोणी जरा आवाज चढवला की मला वाटतं झालं, आता माझ्यावर येणार, नोकरी गेली. तेव्हा पण तसंच वाटलं.

केतनदादा कोपरचे. मंडप-डेकोरेशनचा धंदा. मी लागले त्याच्या आधीपासूनचे पेशंट, सहा वर्षं तरी झाली असतील. नेहमी हसत येणारा माणूस. त्या दिवशी टोपी काढली आणि मीच घाबरले. मधला भाग पार विरळ झालेला, लाइटखाली टाळू चमकत होती.

पुरुषांचं टक्कल पडतं ना, त्याला आमच्याकडे जास्त करून दोन औषधं देतात. एक गोळी, फिनास्टेराइड. शरीरातलं एक हार्मोन केसांची मुळं बारीक बारीक करत जातं, त्याला ती आवर घालते. दुसरं मिनॉक्सिडिल, ते पाण्यासारखं असतं, टाळूला लावायचं. दोन्ही रोज. मॅडम पहिल्याच दिवशी सांगतात की याने टक्कल कायमचं बरं होत नाही, ते थांबतं. घ्याल तोवर थांबतं. ऐकताना सगळे हो हो करतात.

मॅडमनी त्यांना आत घेतलं. मी फोटो काढायला सोबत.

"औषध नियमित चालू आहे ना?"

"एकदम रोज, मॅडम. इथे यायला जमलं नाही वर्षभर, पण मेडिकलवरून आणतो ना मी."

"काही त्रास? या गोळीने होतो कोणाकोणाला. मूड, बेडरूम, काही?"

"काय नाय ओ. फक्त केस चाललेत."

मॅडमनी कॉम्प्युटरवर जुने फोटो उघडले. आमच्याकडे प्रत्येक वेळी तीच खुर्ची, तोच लाइट, डोकं कोरडं, तेल नाही, मधोमध भांग, असाच फोटो काढायचा असतो. नाहीतर फरक खरा की लाइटचा, कळत नाही. पहिल्या वर्षीचा फोटो विरळ. मग दुसऱ्या वर्षी चांगला भरलेला. मग तिसरं, चौथं, पाचवं, जवळजवळ तसाच. थोडं कमी झालेलं, पण टिकलेलं. आणि आजचा बघितला तर कोणी दुसराच माणूस.

"हे बरोबर नाही," मॅडम बोलल्या. "इतक्या वर्षांनी असर थोडा उतरू शकतो. पण हळूहळू. असा एकदम कोसळत नाही. रक्ततपासणी करू. थायरॉइड, आयर्न बघू."

"मॅडम, किती वर्षं बघत बसू? संपला त्याचा असर. शुक्रवारी करून टाकतो मी."

मॅडम मला बोलल्या, "बाजूचे फोटो पण काढ, मग बघू."

मी त्यांना फोटोच्या खोलीत घेऊन गेले. घाईत एक फोटो हललाच. तेवढ्यात मोबाइल वाजला. सासूने पोराचा व्हिडिओ पाठवलेला. मी पटकन बंद करायला गेले, पण दादांनी बघितलं.

"जावळ काढलं वाटतं पोराचं?"

"हो ना दादा. दोन महिने झाले. मामाच्या मांडीवर बसून काढलं, रडून रडून घर डोक्यावर घेतलं. आणि आता केस येतायत की नाही तेच कळत नाही, मला रात्रंदिवस तीच काळजी."

"येतात गं! काय घाबरते एवढी? माझं गेल्या वर्षी मुंडण झालं, बाबा गेले तेव्हा. कसले दाट आलेले माहितीये? आधीपेक्षा भारी. आत्या तर बोलली, बाप आशीर्वाद देऊन गेला."

"बाबा गेले? आम्हाला कळलंच नाही, दादा." मग मी असंच विचारलं, डोक्यात काही नव्हतं माझ्या, "मग तेव्हा औषध कसं लावायचात?"

"केसच नाहीत, तर औषध लावू कुठे?" ते हसले. "घरात सुतक, पाहुणे, आणि मी टकलावर औषध चोळत बसू? आत्या चपलेने मारली असती."

"आणि गोळी?"

"टकल्याला गोळी कशाला?"

"परत कधी चालू केली मग?"

ते टोपी हातात फिरवायला लागले.

"अगं, केस मस्त आले ना. म्हटलं आता काय गरज. मग गळायला लागले तेव्हा वाटलं, आता घेऊन पण काय उपयोग, औषधच फेल. तू मॅडमना नको सांगू हां. ओरडतील."

आता मी काय करायचं? सांगितलं तर हे चिडणार. नाही सांगितलं तर हे शुक्रवारी जाऊन डोकं कापून घेणार. मॅडमनी मला पेशंटशी गप्पा मारू नको असं बजावलेलं, ते वेगळंच. तरी मी गेले आणि एका दमात सगळं बोलून टाकलं, बाबा, आत्या, मुंडण, गोळी, सगळं. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"बोलव त्यांना."

मॅडम ओरडल्या नाहीत. आधी वडिलांचं विचारलं, काय झालेलं, आई कशी आहे. मग बोलल्या, "केतन, मुंडण केल्यावर केस येणारच. मूळ आत असतं, वस्तरा फक्त वरचं कापतो. सगळे केस एका उंचीचे, टोकं जाड, म्हणून दाट दिसले. पण औषध केसाला नसतं, मुळाला असतं. टक्कल केलं तेव्हाही मुळं तिथेच होती. गोळी थांबली आणि हार्मोन पुन्हा कामाला लागलं."

दादांनी टोपी मांडीवर ठेवली.

"म्हणजे आमच्या खाडीकाठच्या खाजणातल्या शेताच्या बांधासारखं," ते बोलले. "पीक काढलं म्हणून बांधाची डागडुजी सोडली, की खाडीचं खारं पाणी आत."

"अगदी तसं."

"मग आता गेलं का सगळं?"

"बघू या." मॅडमनी भिंगाचा कॅमेरा टाळूवर टेकवला. स्क्रीनवर बारीक बारीक लव दिसत होती. "ही मुळं अजून जिवंत आहेत. औषध चालू करा. वर्षभराने उरलेल्या जागेसाठी ट्रान्सप्लांट ठरवू. आत्ता केलंत तर मागचे केस पुढे लावतील, पण औषधाशिवाय मधले जातच राहतील. पुढे झुडूप आणि मागे मैदान."

दादांनी तिथेच बसून ठाण्याला फोन केला आणि तारीख रद्द केली. जाताना मला बोलले, "तू पोलिसात जा गं. इथे काय करते?" पण रागात नाही बोलले.

पुढच्याच महिन्यात त्यांचा फोन. "ताई, अजून गळतायत! मूठभर!" मी फोन धरूनच मॅडमना विचारलं. मॅडमनी सांगितलं की औषध नव्याने चालू केलं की सुरुवातीला जुने मेलेले केस गळतात, नव्याला जागा करतात, घाबरू नका, सोडू नका. मी त्यांना तसंच सांगितलं, आणि मला स्वतःलाच बरं वाटलं.

वर्षभराने फोटो काढला. मधला भाग भरलेला होता. कपाळाच्या दोन कोपऱ्यांत नाही आले, तिथे गेले ते गेलेच. पण दादा स्क्रीन बघून बोलले, "राहू दे. बाबांचं कपाळ पण असंच होतं." ट्रान्सप्लांटचं नाव त्यांनी काढलं नाही.

आता फोटो काढताना मी प्रत्येकाला विचारते, मध्ये कधी टक्कल केलेलं का, कार्याला, तिरुपतीला, नवसाला? औषध बंद केलेलं कोणी सांगत नाही. मुंडणाचं मात्र सगळे खुशाल सांगतात.